बिनआवाजाचा गडी

रविवार, ८ नोव्हेंबर १९९८, वांकिडी

ठरलं म्हणजे ठरलं! बैठकीत कॉम्प्युटर बसवायचा, आणि तोही असा की चालू आहे का बंद हे शेजारी बसलेल्यालाही कळू नये. एकेक भाग मी स्वतः निवडणार. मघाशी जेवताना डोक्यात तेच होतं, भाजी समजून पाण्यात भाकरी बुडवली.

कारण नीट लिहून ठेवतो. काल चंद्रपूरहून माझी थोरली बहीण कुसुमताई आली होती. आज निघताना बाबा तिला म्हणाले, "संक्रांतीच्या सुट्टीत येजो अन् मले घेऊन जाजो. आता तिकडंच राहीन. इथं माझं काय काम हाय?" आईच्या हातातलं उलथणं तसंच थांबलं. बाबांनी, म्हणजे माणिकराव मास्तरांनी, सारा जन्म ह्या गावच्या मराठी शाळेत काढला. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलंय. आणि आता म्हणे चंद्रपूर. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही, घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

बाबांचं दुखणं मला ठाऊक आहे. त्यांना खेळायला गडी नाही.

आमच्या बैठकीत रोज दुपारी बुद्धिबळाचा पट पडायचा. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मागच्या गल्लीतले नागोकाका. काकांची कापसाची शेती. दारातूनच "जय भीम, मास्तर!" अशी आरोळी ठोकायचे, ती बसस्टँडवर ऐकू जायची. पण पटावर बसले की दोघंही मुके. पटापाशी जो तोंड उघडील त्यानं चहा पाजायचा, असा त्यांचा कायदा. फक्त "शह" आणि "मात" एवढं बोललेलं माफ.

मागच्या वर्षीच्या पोळ्याला दोघांचं फाटलं. बाबांनी वजिरानं शह दिला, काकांच्या राजाला हलायला घर नाही. मात! तर काकांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला. आमच्याकडच्या खेळात राजाला ही चाल आहे, पण एकदाच, आणि तीसुद्धा त्या बाजीतला पहिलाच शह असेल तर. बाबा म्हणाले, "तुया राजानं मघाशीच एक शह खाल्ला. चाल गेली." काका म्हणाले, "तो मागच्या बाजीतला शह, मास्तर." बाबा म्हणाले, "मास्तरले शिकवतो का रे?" काका उठले, ते अजून आले नाहीत. आणि बाबांनी मोहरेही उचलले नाहीत. राजा परत जागेवर ठेवला, पटावर आईची दुरडी पालथी घातली. ती अजून तशीच आहे. आई तिच्या भोवतीनं झाडते.

माझा विचार सरळ आहे. नागोकाका नाही तर नाही, कॉम्प्युटर खेळेल. तो रुसत नाही, उठून जात नाही. आसिफाबादच्या ज्या कॉम्प्युटर क्लासात मी शिकवतो तिथं बुद्धिबळाची सीडी आहे. गाड्यांच्या शर्यतीचीही आहे, पण ती आपली बाबा झोपल्यावर.

अडचण एकच. उन्हाळ्यात बाबांना क्लास दाखवायला नेलं होतं. मी मशीन सुरू केलं आणि बाबा उंबऱ्यातूनच फिरले. "हे काय, पिठाची गिरणी हाय का? इथं माणूस विचार कसा करन?"

तेव्हा गिरणी नको. बिनआवाजाचा गडी पाहिजे.

बुधवार, ११ नोव्हेंबर

आज क्लास सुटल्यावर मशीनचा डबा उघडला आणि डॉक्टरासारखा कान लावून बसलो. पोरं हसून राह्यली होती. हसा लेको!

पण रोग सापडला. घरघर आहे ती पंख्यांची. एक पंखा प्रोसेसरच्या डोक्यावर, दुसरा मागं करंटच्या डब्यात. कुरकुर आहे ती हार्डडिस्कची. आणि सीडी फिरायला लागली की विमान उडतं. बाकी सगळे भाग गरीब बिचारे मुके आहेत. म्हणजे चोर तीन-चारच, बाकी घर सज्जन. एवढ्यावर मी निम्मी लढाई जिंकलो असं समजतो.

प्रोसेसर जेवढा वेगवान तेवढा तापट, आणि तापट म्हटला की पंखा आला. माणसांचंही तसंच. मला वेगवान नकोच. बुद्धिबळाला कशाला पाहिजे वेग? बाबा एका चालीला अर्धा तास घेतात. (गाड्यांच्या शर्यतीला पाहिजे. पण असो. बापासाठी एवढं.)

सोमवार, १६ नोव्हेंबर

सिकंदराबादहून आलो! कागजनगरला गाडीत बसलो तेव्हापासून आत्तापर्यंत पाठ टेकलेली नाही, पण झोप कुठं येते.

पैशाचं इथं लिहायचं नाही असं ठरवलंय. लिहिलं की छातीत धडधडतं.

बाजारात जिन्यावर जिने, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दुकान. एका दुकानदारानं विचारलं, "क्या होना भाई?" मी म्हटलं, गेम खेळायचा कॉम्प्युटर पाहिजे, घरच्या बैठकीत ठेवायला, पण आवाज अजिबात नको. तो काउंटरवर दोन्ही हात ठेवून हसला. "गेमां होना बोलते, आवाज नक्को बोलते. स्पीकर?" मी म्हटलं, नक्को. "अरे भाई, खेलने का है कि सोने का?" त्यानं शेजारच्या दुकानातल्या माणसाला हाक मारून मला दाखवलं. दाखव म्हटलं. मी काही लाजणारा नाही.

त्याच्याकडचे करंटचे सगळे डबे एकेक करून लावायला लावले आणि डोळे मिटून ऐकले. एक घोगरा, एक शिट्टी मारणारा, एक दम्याचा. शेवटी एक सापडला, त्याचा श्वास नुसता झोपलेल्या लेकरासारखा. तोच घेतला. प्रोसेसर जुन्या पेंटियममधला सगळ्यात हळूवाला घेतला. दुकानदार म्हणाला, "ये तो कोई लेता नई अब." मी म्हटलं, म्हणूनच. त्याच्या डोक्यावर पंख्याऐवजी बसवायला एक ॲल्युमिनियमचा काटेरी ठोकळा मिळाला, कुठल्या तरी मोठ्या मशीनवरून काढलेला, वीतभर उंच. गरमी त्या काट्यांतून आपोआप उडून जाते. हार्डडिस्कही धिमी, छोटी. दोन्ही खेळ तिच्यात उतरवून ठेवले की सीडी फिरवायचं कामच नाही. आहे का नाही डोकं?

निघताना दुकानदारानं चहा पाजला आणि विचारलं, "किसके वास्ते?" मी म्हटलं, "वालिद के वास्ते." वडिलांसाठी म्हटल्यावर तो हसला नाही. मॉनिटरच्या खोक्यात स्वतः गवत भरून दिलं.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

आज जोडणी. बैठकीत चादर अंथरून सगळे भाग मांडले. काय दिसत होतं म्हणून सांगू! हिरवा बोर्ड, चंदेरी ठोकळा, रंगीत तारा. बाबा आरामखुर्चीत बसून दुरडीकडं पाहत होते, ह्याच्याकडं एकदाही पाहिलं नाही. पाहतील.

हार्डडिस्क डब्याला स्क्रूनं कसली की सगळा डबा तिच्याबरोबर कुरकुरतो. म्हणून सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्या पट्ट्यांवर डिस्क टांगली, पाळण्यासारखी. आवाज निम्मा झाला! उड्या मारल्या मी. मग करंटच्या डब्यातल्या पंख्याची तार बदलून त्याला कमी व्होल्ट दिले. तो आता डुलत डुलत फिरतो.

मी आनंदात आईला म्हटलं, "आई, बाबांचा गडी तयार होऊन राह्यला! सिकंदराबादेहून आणला!"

आई लसूण सोलत होती. म्हणाली, "हाव. काखेत कळसा अन् गावाले वळसा."

मी काखेत पाहिलं. खरंच स्क्रूड्रायव्हर काखेत धरला होता आणि अर्धा तास शोधत होतो. आईचं लक्ष फार बारीक असतं.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

करंट नाही. वीज बोर्डाच्या ऑफिसात गेलो, लाइनमन तेलुगूत म्हणतो "सायंत्रं वस्तुंदी." संध्याकाळी येईल म्हणे. कोणत्या संध्याकाळी ते काही त्यानं सांगितलं नाही.

स्टॅबिलायझर आणला आहे, पण तो मेला स्वतःच भुंग्यासारखा गुणगुणतो. इतकं करून राखणदारच आरडाओरड करणारा! तार लांबवून त्याला ओसरीत नेऊन ठेवला. आता तो कोंबड्यांना गाणं म्हणून दाखवतो.

रविवार, २९ नोव्हेंबर

आज माझ्या हातून फार मोठा मूर्खपणा झाला. कुठं सांगू नये असा, म्हणून इथं लिहितो.

सगळं करूनही एक बारीक "हूंऽ" राहिला होता. रात्री मला वाटलं, आपण कापसाच्या मुलखात जन्मलो आणि ही साधी गोष्ट सुचू नये? कापूस! गादीत कापूस, कानात कापूस, मग कॉम्प्युटरात का नाही? आईला म्हटलं, चांगला लांब धाग्याचा, सरकी काढलेला कापूस पाहिजे. आई मागच्या दारानं गेली आणि ओटीभर घेऊन आली. पांढराशुभ्र, मऊ. मी विचारलं, "कोणाकडचा?"

"नागोभाऊच्या घरचा. सोनाबाईनं दिला असता मूठभर. नागोभाऊनं आतून आवाज देला, म्हणे मास्तरच्या घरी जाते तं ओटी भरून दे."

काका-काकू, माणसं बरी आहेत तशी. भांडण असलं तरी कापसाला नाही म्हणाले नाहीत.

डबा गच्च भरला. सुरू केला. आणि काय शांतता! अहाहा! आईला बोलावलं, "ऐक." आई म्हणाली, "काहीच ऐकू येत नाई." "तेच तर!" मी टाळ्या पिटल्या. थोड्या वेळात पडद्यावरचं चित्र थिजलं. मग आईनं नाक वर केलं. "काहीतरी करपून राह्यलं रे, दौलत!" हात लावला तर डबा तव्यासारखा. वायर ओढली, कापूस उपसला, आतला भाग पिवळा पडलेला. आणखी जरा वेळ गेला असता तर बैठकीत होळी!

बाबा खुर्चीतून उठले, मला वाटलं आता बोलणार. ते खाली वाकले, एक पुंजका उचलला, बोटांनी धागा ओढून पाहिला. "नाग्याचं पीक यंदा चांगलं आलं," म्हणाले, आणि परत जाऊन बसले. माझा कॉम्प्युटर जळता जळता वाचला आणि ह्यांना पीक!

देव पावला म्हणता येत नाही आमच्या घरात, पण नशीब पावलं. भाग सगळे जिवंत आहेत.

रविवार, ६ डिसेंबर

आज सकाळी विहारात गेलो, बाबासाहेबांना अभिवादन केलं. मशीनला हात लावला नाही.

बाहेर पडताना फाटकाशी नागोकाका भेटले. दरवर्षी येतात फूल वाहायला. बाबा पुढं निघून गेले होते. काकांनी मला बाजूला घेतलं. "दौलत, यंत्र आणलं म्हणे? मास्तरसंग खेळते ते?"

मी छाती फुगवून सगळं सांगितलं. हळू प्रोसेसर, काटेरी ठोकळा, ट्यूबचा पाळणा. म्हटलं, "आता बाबांना दुसऱ्या कोणाची गरजच नाही, काका!"

काकांनी पायातल्या चपलेकडं पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर डाव्या अंगाचा घोडा आधी काढते. यंत्राले सांगून ठेवजो. अन् दुपारच्या वक्ती त्याईले जराक उजेडाकडं तोंड करून बसवत जाय." आणि टोपी सारखी करत निघून गेले. चेहरा उतरला होता त्यांचा. डिसेंबरातही ऊन लागतं म्हणतात.

रविवार, १३ डिसेंबर

झालं! झालं! झालं!

कापूस आता डब्याच्या आत नाही, बाहेर आहे. त्याची पातळ गादी शिवून डब्याखाली घातली. मागची बाजू मोकळी, वारा खेळता. जुन्या कपाटाचं दार काढून त्यात सगळं बसवलं. आईच्या डोळ्यांना पदर बांधला आणि विचारलं, "आता चालू आहे का बंद?" आई म्हणाली, "बंद." चालू होता! पुन्हा विचारलं, म्हणाली, "चालू." बंद होता! मी आईला उचलून गिरकी घेतली. "सोड रे मेल्या, कंबर मोडन माझी," म्हणाली, पण हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

एक काळजी राहिली. मॉनिटरमधून अगदी बारीक शिट्टी येते, डासापेक्षाही बारीक. मला स्पष्ट ऐकू येते. बाबांना विचारायला भीती वाटली. शेवटी हळूच विचारलं, "बाबा, शिट्टी ऐकू येते का?" बाबा म्हणाले, "कोणती शिट्टी?" आईलाही येत नाही. दोघांचं वय झालं, बरं झालं!

पुढच्या रविवारी पहिली बाजी. ताईला फोन करून सांगणार होतो की बाबांना न्यायला येऊ नको, पण आधी खेळू देतो. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग असं व्हायला नको.

रविवार, २० डिसेंबर

काय लिहू.

सुरुवात छान झाली. बाबांना मॉनिटरसमोर उजेडाकडं तोंड करून बसवलं. बाबा चाल सांगणार आणि मी माउसनं हलवणार. बाबांनी कान टवकारले, खोलीभर ऐकलं आणि मान हलवली. "आवाज नाई खरा." तेवढ्या तीन शब्दांवर माझ्या सगळ्या प्रवासाचा शीण गेला.

बाबांनी डावा घोडा काढला. मग मशीननं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"चाल झाली त्याची, बाबा."

"प्यादं दोन घरं? प्याद्याले कोनं घोडागाडी देली का?"

मी समजावलं की जगात आता असंच खेळतात. बाबांनी ते गिळलं. पुढं पाचसहा चाली बऱ्या गेल्या. मग मशीननं राजा आणि हत्ती एकाच चालीत इकडचे तिकडे केले. बाबा ताडकन उठले. "चोरी! दोन मोहरे एकदम! शाळेत पोट्ट्यानं असं केलं असतं तं म्या छडी मारली असती!"

"बाबा, नियमच आहे तो."

"कोनाचा नियम? माया नाई. नाग्या कसाही असन, पण त्यानं कधी दोन मोहरे एकदम नाई उचलले."

आणि खुर्ची दुरडीकडं वळवून बसले. संपलं.

आई सैपाकघरातून सगळं ऐकत होती. तिच्या तोंडावर काळजी पाहिजे होती, पण मला ती दिसली नाही. बायकांचं काही कळत नाही.

गुरुवार, २४ डिसेंबर

मन लागत नाही. शर्यतीचा खेळ लावला, गाडी झाडावर आपटली, तीही आवाज न करता. स्पीकर नसताना गाडी चालवणं म्हणजे मीठ नसलेलं वरण.

बाबांनी आज लोखंडी पेटी खाली काढायला लावली. आई त्यांची धोतरं घडी करून देत होती आणि उकलत होती. मला रडू आलं. एवढे निवडून निवडून भाग आणले. आवाज नाही, गरमी नाही, आणि ज्याच्यासाठी आणले तो माणूसच घरातून चालला.

पण एक कल्पना सुचली आहे! बाबांचा मान राखला जाईल अशी. जी बाजी दुरडीखाली अडकून पडलीय, तीच मशीनमध्ये मांडायची आणि निकाल घ्यायचा. मशीन म्हणेल, मात झाली, माणिकराव जिंकले. एकदा जिंकलं म्हणजे बाबांची मशीनशी दोस्ती झालीच!

रविवार, २७ डिसेंबर, दुपार

सगळं मातीत गेलं. पहिल्यापासून लिहितो.

दुरडी उचलायची परवानगी मागितली, बाबा "हं" म्हणाले. दुरडीवर धूळ होती, पण आत पटावर एक कण नाही. मी चकित झालो. आई म्हणाली, "ते रोज सकाळी उचलून फुंकर मारतेत. एकही मोहरा हलू देत नाई." असेल, बाबांना टापटिपीची सवयच आहे.

एकेक मोहरा पाहून पडद्यावर मांडला. बाबांच्या वजिराचा शह, काकांचा राजा कोपऱ्यात. बटण दाबलं. पडद्यावर लगेच अक्षरं आली: मात, खेळ संपला.

मी ओरडलो, "बाबा, तुम्ही जिंकलात! मशीननं निकाल दिला! नागोकाका हरले!"

बाबा पडद्याजवळ आले. वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले. "कोन म्हणते मात झाली?"

"मशीन."

"त्याले सांग, राजा उडव."

"ती चाल त्याला येतच नाही, बाबा. त्याच्या लेखी राजा मेला."

"येत नाई म्हंजे?" बाबांचा आवाज चढला. एवढा मोठा आवाज मी पोळ्यानंतर ऐकला नव्हता. "नाग्याच्या राजाची घोड्याची चाल बाकी हाय! त्याच्या हक्काची हाय! हे कोन आलं त्याचा हक्क मारनारं?"

मी गोंधळलो. "पण बाबा, तुम्हीच तर म्हणत होता की चाल गेली. काकांच्या राजानं आधी एक शह खाल्ला होता ना?"

बाबा पडद्याकडं पाहत होते, मग पटाकडं पाहिलं. आई दारात येऊन उभी राहिली होती. बाबा हळूच म्हणाले, "तो मागच्या बाजीतला होता."

मी म्हटलं, "म्हणजे प्रोग्रामचीच चूक धरायची तर."

बाबांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि निघाले, पायात चपलाही नाहीत. मी मागं पळणार तर आईनं माझा सदरा धरला. "जाऊ दे." मी म्हटलं, "अगं, रागानं गेले ते! कॉम्प्युटरवर रागावून घर सोडलं!" आई म्हणाली, "तू बस मुकाट्यानं." आणि पटाशेजारी दोन पाट मांडायला लागली. अशा वेळी पाट!

त्याच दिवशी, दिवेलागणीनंतर

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

बाबा परत आले. आपल्या पाटावर बसले. मी विचारणार, तेवढ्यात दारातून:

"जय भीम, मास्तर!"

फडताळातली भांडी हलली. बसस्टँडवर नक्की ऐकू गेलं असणार. उंबऱ्यात नागोकाका, हातात टोपी.

"जय भीम," बाबा म्हणाले. "ये."

काका आत आले ते आधी सरळ मॉनिटरकडं. पडद्यावर मात तशीच होती. "ह्यानं माया राजाले अडवलं?"

"हाव."

"काऊन?"

"त्याले येतच नाई ती चाल."

"येत नाई तं खेळायले बसते कायले?" काकांनी पडद्याकडं असं पाहिलं की मलाच ओशाळं वाटलं. मग ते पाटावर बसले. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. बाबांनी पटाकडं हात केला, "चाल. तुयी पाळी हाय."

काकांनी राजा उचलला, अडीच घरं उडवला आणि ठेवला. ठक! बाबांनी मान हलवली. बाजी पुढं सुरू झाली.

दोघंही पटावर वाकले, मुके झाले. खोलीत टाचणी पडली तर ऐकू यावी. आणि त्या शांततेत माझ्या लक्षात आलं की मशीन केव्हाचं चालूच आहे! इतका वेळ! दोघांपैकी कोणालाही पत्ता नाही! मला राहवलं नाही. "काका! कॉम्प्युटर आत्ता चालू आहे बरं का! कळलं तुम्हाला? नाही ना कळलं!"

दोघांनी एकदम मान वर केली. बाबांनी माझ्याकडं बोट रोखलं. "पटापाशी बोलला. चहा. अन् उद्या कुसुमले फोन लाव, म्हणा, संक्रांतीले तूच लेकरं घेऊन ये. मले बाजी सोडून येता येत नाई."

"बोलले! मास्तर बोलले!" काकांनी मांडीवर थाप मारली. "मास्तरचाही चहा! दोन चहा झाले!"

"अरे, ते पटाबद्दल नवतं!"

"तोंड उघडलं ना? कायदा म्हंजे कायदा!"

मी सैपाकघरात आधण ठेवलं. आई चुलीपाशी डोळे पुसत होती, म्हणाली धूर झाला. धूर तर दिसत नव्हता. बैठकीतून आता कायद्याची ऐशीतैशी चालली होती. "शह!" "हा घे शह!" "हात काढ, चाल झाली तुयी!" "नाई झाली, बोट उचललं नवतं!" छपरावरच्या चिमण्या उडाल्या असतील.

आई म्हणाली, "आला बाप्पा घरात आवाज."

मी दचकलो. आवाज? एवढं करून? आधण तसंच टाकून बैठकीत धावलो, कपाटात डोकं घालून कान लावला. पंखा डुलतोय, पाळणा शांत, कुठं हूं नाही का चूं नाही. परत आलो आणि आईला शपथेवर सांगितलं, "आई, त्याचा नाही. तो अगदी गप्प आहे."

"हाव रे बापा, तो गप्पच हाय," आई म्हणाली. "साखर जास्त टाक. नागोभाऊले चहा गोड लागते."